लेकीच्या स्वादुपिंडात नेमकं काय झालं? (टाइप १ मधुमेहाबद्दल विचारायचंय)

कृष्णाकाठची | सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं. आज लेक लवकर झोपली, तर लिहूनच टाकते. लांबलंय, सांभाळून घ्या.

माझी मुलगी नऊ वर्षांची. फेब्रुवारीत ती रात्री पाणी प्यायला उठायला लागली. आधी एकदा, मग चार-चारदा. ऊन वाढतंय म्हणून मी उशाशी तांब्या भरून ठेवायला लागले. मग अंथरूण ओलं व्हायला लागलं. ते तिच्या चौथ्या वर्षीच थांबलं होतं. बिचारी लाजून सकाळी स्वतःच चादर बादलीत भिजवून ठेवायची. मोरीत मुंग्या दिसायच्या, त्याचाही मला अर्थ लागला नाही. शाळेच्या स्कर्टचा हूक मी दोन आठवड्यांत दोनदा आत सरकवून शिवला. जवळच्या डॉक्टरांनी लघवीचं इन्फेक्शन म्हणून औषध दिलं. पाचव्या दिवशी उलट्या, पोटदुखी, आणि धावून आल्यासारखा खोल खोल श्वास. तोंडाला उतरलेल्या फळासारखा वास. तशीच मिरजेला नेली. साखर ५१२. तीन दिवस आयसीयूत होती.

आता चार महिने झाले. दिवसाला चार इंजेक्शनं, बोटं टोचणं, सगळं तिने माझ्याआधी शिकून घेतलं. पण माझ्या डोक्यात प्रश्न साचलेत. डॉक्टर चांगले आहेत, पण ओपीडीत मागे वीस जण उभे असताना किती विचारणार?

आमच्या घरी गाई आहेत. सासूबाई नातीला रोज साय-साखर द्यायच्या. 'माझ्या हातानं पोरीला हे झालं' म्हणून त्या माऊलीने तेव्हापासून चहातली साखरसुद्धा सोडली आहे. नातेवाईक म्हणतात, गरोदरपणात तूच गोड खाल्लंस. डॉक्टर म्हणाले, शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच इन्सुलिनच्या पेशी मारल्या. पण का? बाकी सगळं शरीर सोडून त्याच पेशी का? हे कधी सुरू झालं असेल? मी कुठे चुकले का?

आणि एक. घरी आलो तेव्हा दिवसाला २४ युनिट लागायची, आता ९ वर आलीय. सगळे म्हणतात बरी होतेय. डॉक्टर म्हणतात हा 'हनिमून' आहे, भुलू नका. धाकटा पाच वर्षांचा आहे, त्याचं काही तपासायला हवं का?

---

मोगरा_२ | सोमवार, रात्री ११:०५

ताई, आधी एक घट्ट मिठी. आयसीयूचे ते तीन दिवस कसे काढले असतील तुम्ही. मला माहिती काही नाही, पण वाचतेय.

---

पेशीवेडा | मंगळवार, सकाळी ७:१०

ताई, मी पुण्यात रोगप्रतिकारशास्त्र शिकवतो. डॉक्टर नाही, म्हणून डोसबद्दल बोलणार नाही. पण आत काय झालं ते सांगू शकतो, आणि सांगायलाच हवं असं वाटतंय, कारण तुमच्या सासूबाईंनी सोडलेली चहातली साखर मनातून जात नाहीये.

स्वादुपिंड जठराच्या मागे आडवं पहुडलेलं असतं. त्याचा जवळजवळ सगळा भाग पाचकरस बनवण्यात गुंतलेला. त्यात मधेच कुठेतरी पेशींचे बारके पुंजके विखुरलेले असतात. असे पुंजके दहा लाखांच्या घरात, पण सगळे मिळून वजन स्वादुपिंडाच्या शंभरात एक-दोन भाग. १८६९ साली बर्लिनमध्ये पॉल लँगरहॅन्स नावाच्या एकवीस वर्षांच्या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि प्रबंधात नोंदवले. ते कशासाठी आहेत हे त्याला कळलं नव्हतं. आज आपण त्यांना लँगरहॅन्सची बेटं म्हणतो. माणसाच्या बेटात निम्म्याहून अधिक पेशी बीटा असतात. इन्सुलिन बनवणाऱ्या त्याच. त्यांना खेटून अल्फा पेशी असतात, त्या ग्लुकागॉन बनवतात, म्हणजे साखर वाढवणारं संप्रेरक.

टाइप १ मध्ये बेटातल्या फक्त बीटा पेशी मारल्या जातात. भिंतीला भिंत लावून बसलेल्या अल्फा पेशी जागच्या जागी शाबूत राहतात. इतका नेमकेपणा विषाने येत नाही आणि साखरेने तर नाहीच. असं निवडून मारणं हे टी पेशींचं, म्हणजे प्रतिकारशक्तीतल्या एका जातीच्या पांढऱ्या पेशींचं, काम.

हे समजायलाही वेळ लागला. १९६५ साली ब्रुसेल्समधल्या विली गेप्ट्स यांनी आजार सुरू झाल्यावर थोड्याच काळात दगावलेल्या २२ रुग्णांची स्वादुपिंडं तपासली. त्यांतल्या १५ जणांच्या बेटांत पांढऱ्या पेशी, म्हणजे लिम्फोसाइट, शिरलेल्या दिसल्या. याला इन्सुलायटिस म्हणतात. विशेष म्हणजे सगळी बेटं सारखी नसतात. एक पार रिकामं, शेजारचं लिम्फोसाइटांनी वेढलेलं, तिसऱ्याला अजून हातही लागलेला नाही. अंगावर कोड कसं येतं ते आठवा. एक डाग इथे, एक तिथे, मधली कातडी चांगली. कोडातही प्रतिकारशक्ती रंग बनवणाऱ्या पेशींना निवडून मारते. स्वादुपिंडात तसंच काहीसं होतं, फक्त ते बाहेरून दिसत नाही.

आता 'का'. टी पेशी तयार होतात छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत. तिथून बाहेर सोडण्याआधी त्यांची कसून परीक्षा होते. शरीराच्या आपल्याच प्रथिनांचे तुकडे त्यांच्यासमोर धरले जातात. जी टी पेशी असा तुकडा गच्च पकडते तिला तिथेच संपवलं जातं, कारण ती पुढे आपल्याच माणसांवर उठणार. इन्सुलिनसुद्धा थायमसमध्ये थोडंसं बनवलं जातं, निव्वळ या परीक्षेपुरतं. काही जणांच्या जनुकांत असा फरक असतो की थायमसमध्ये ते कमी बनतं. मग इन्सुलिनवर उठणाऱ्या काही टी पेशी परीक्षेतून निसटतात.

दुसरा भाग एचएलएचा. पेशी आपल्या आतल्या प्रथिनांचे तुकडे पृष्ठभागावर जणू तळहातावर ठेवून दाखवतात. हे तळहात म्हणजे एचएलए रेणू. त्यांची जनुकं सहाव्या गुणसूत्रावर असतात आणि प्रत्येकाची ठेवण वेगळी. डीआर३ आणि डीआर४ हे प्रकार टाइप १ च्या रुग्णांत फार आढळतात. त्यांच्या तळहाताचा खळगाच असा की इन्सुलिनचे विशिष्ट तुकडे टी पेशींना चुकीच्या तऱ्हेने दाखवले जातात, असं मानलं जातं.

पण असे तळहात असलेल्या बहुतेक लोकांना आयुष्यभर काही होत नाही. एकसारख्या जुळ्या भावंडांत, जनुकं तंतोतंत सारखी असूनही, एकाला झालं म्हणजे दुसऱ्याला होतंच असं नाही. म्हणजे जनुकांनी जमीन तयार केली, ठिणगी दुसरीच. काही विषाणूंवर, विशेषतः कॉक्सॅकी बी गटातल्यांवर, दाट संशय आहे.

ठिणगी पडली की पुढचा क्रम असा. स्वादुपिंडाजवळच्या लसिका गाठींत निसटलेल्या टी पेशींना बीटा पेशीचा तुकडा दाखवला जातो. त्या जाग्या होतात, वाढतात, बेटांकडे निघतात. तिथे इंटरफेरॉनसारखी रसायनं सुटतात आणि त्यांच्या प्रभावाखाली बीटा पेशी आपले तळहात आणखी वर करते, आणखी तुकडे दाखवते. विषाणू शिरला तर मदत मागायची हीच रीत असते. इथे त्याच रीतीने ती स्वतःचा पत्ता सांगते. मग सीडी८ जातीची टी पेशी तिला चिकटते, परफोरिनने तिच्या आवरणाला भोकं पाडते, आणि त्यातून ग्रॅन्झाइम आत सोडते. बीटा पेशी आतून स्वतःला मोडून टाकते. एकेक करून. महिनोन्‌महिने, बहुतेकदा वर्षानुवर्षं.

तुमच्या लेकीत हे ती दोन-तीन वर्षांची असतानाच सुरू झालं असण्याची बरीच शक्यता आहे. फेब्रुवारीत दिसलं ते शेवटचं टोक. राहिलेल्या पेशींना भार पेलेनासा झाला, तेव्हा तहान दिसली. साय-साखरेने यातली एकही पायरी घडत नाही. गरोदरपणातल्या गोडानेही नाही. सासूबाईंना चहात साखर घालून द्या.

हनिमूनबद्दल रात्री लिहितो, तास आहे.

---

साधामाणूस | मंगळवार, सकाळी ९:३०

सर, फार सोपं करून सांगितलंत. एक शंका. माझ्या वडिलांना साठीत शुगर निघाली, गोळ्यांवर आहेत. त्यांच्याही पेशी अशाच मेल्या का?

---

पेशीवेडा | मंगळवार, दुपारी १:१५

नाही. त्यांचा बहुतेक टाइप २. तिथे इन्सुलिन असतं, पण शरीर त्याला नीट दाद देत नाही, आणि ती तूट भरून काढता काढता बीटा पेशी थकतात. टी पेशींचा हल्ला नसतो. नाव एक पडल्यामुळे लोक दोघांना एकच सल्ला देतात आणि नऊ वर्षांच्या मुलीला 'गोड खाऊ नकोस, चालायला जा' सांगतात. तिच्या शरीरात इन्सुलिनच उरत नाही, चालून ते कुठून येणार?

---

अभ्यासू_अश्विनी | मंगळवार, संध्या. ५:५०

मी एमएस्सीला आहे. सर, आम्हाला शिकवताना बीटा पेशींतल्या जीएडी, आयए-२, झेडएनटी८ आणि इन्सुलिन या चार प्रथिनांविरुद्धच्या अँटीबॉडी (प्रतिकारशक्तीने रक्तात सोडलेली प्रथिनं) सांगितल्या होत्या. मग मारतात त्या की टी पेशी?

---

पेशीवेडा | मंगळवार, रात्री ९:२०

छान विचारलंत. यात पुष्कळांची गल्लत होते.

अँटीबॉडी म्हणजे पंचनामा. तिथे काहीतरी घडतंय याचा लेखी पुरावा. १९७४ साली लंडनमध्ये बोटाझो, फ्लोरिन-क्रिस्टेन्सन आणि डोनियाक यांना बेटांविरुद्धच्या अँटीबॉडी पहिल्यांदा सापडल्या, आणि तेव्हापासून हा स्वप्रतिकारी आजार आहे ही गोष्ट पक्की होत गेली. पण मारेकरी त्या नव्हेत. २००१ साली एका अशा मुलाची नोंद झाली ज्याच्या शरीरात जन्मतःच बी पेशी नव्हत्या, म्हणजे अँटीबॉडी बनवण्याची सोयच नव्हती. तरी त्याला टाइप १ झाला. दुसरा पुरावा उलट बाजूचा. टाइप १ असलेल्या आईच्या अँटीबॉडी नाळेतून बाळात जातात, काही महिने त्याच्या रक्तात फिरतात आणि नाहीशा होतात. त्या अँटीबॉडींनी बाळाला मधुमेह होत नाही.

टी पेशींना आवर घालणारे लगाम किती मोलाचे असतात ते कर्करोगाच्या औषधांनी दाखवून दिलं. निवोलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब ही औषधं टी पेशींवरचा पीडी-१ नावाचा लगाम सोडतात, म्हणजे त्या गाठीवर तुटून पडतात. मोजक्या रुग्णांत मात्र त्याच मोकाट टी पेशी बीटा पेशींवर जातात आणि साठीतल्या माणसाला काही आठवड्यांत इन्सुलिन लागू होतं.

आता ताईंचा हनिमून. आजार उघडा पडतो तेव्हा सगळ्या बीटा पेशी मेलेल्या नसतात. पूर्वीची पुस्तकं सरसकट ८०-९० टक्के गेल्या असं सांगायची. नंतर साठवलेल्या स्वादुपिंडांचे छेद पुन्हा पाहिले तेव्हा चित्र वयानुसार वेगळं निघालं. सात वर्षांच्या आत आजार झालेल्या मुलांत फार थोड्या उरतात. तेराच्या पुढे झालेल्यांत ४० टक्क्यांपर्यंत बेटांत इन्सुलिन सापडू शकतं. तुमची लेक मधल्या वयातली. ज्या जिवंत होत्या त्या चढलेल्या साखरेने बधिर झाल्या होत्या. बाहेरून इन्सुलिन मिळालं, साखर उतरली, त्यांना उसंत मिळाली, त्या पुन्हा कामाला लागल्या. म्हणून २४ चे ९ झाले.

पण हल्ला थांबलेला नाही. टी पेशींची आठवण जात नाही. ही उसंत काही महिने, कधी वर्षभर, क्वचित जास्त टिकते. ९ युनिट कमी वाटतात, पण तीच ९ युनिट उरलेल्या पेशींच्या खांद्यावरचं ओझं उचलतायत.

---

निसर्गमित्र | बुधवार, सकाळी ८:००

मला वाद घालायचा नाही, कळकळीने सांगतोय. आमच्या ओळखीच्या एका मुलाला काढा चालू केला आणि इन्सुलिन जवळपास बंद झालं. तीन महिने झाले, पोरगा खेळतोय. लहान जिवाला रोज चार सुया टोचणं बघवत नाही हो. वैद्यांचा पत्ता हवा असेल तर देतो.

---

टोचणीसोबती | बुधवार, सकाळी ११:४५

निसर्गमित्र दादा, तुमची कळकळ खरी आहे म्हणूनच सविस्तर लिहिते. त्या मुलाच्या आईपर्यंत हे आजच पोचवा.

मला तेराव्या वर्षी टाइप १ झाला, १९९४ साली. सातारा जिल्ह्यातलं गाव. काचेची सिरिंज, भांड्यात उकळून घ्यायची. फ्रिज नव्हता. माझी आजी मोठ्या मडक्यात ओली वाळू भरायची, त्यात लहान मडकं रोवायची, त्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून इन्सुलिनची बाटली, वर ओलं फडकं. दर दुपारी त्या वाळूवर तांब्याभर पाणी शिंपडायचं हे माझं काम. मे महिन्यातसुद्धा बाटली हाताला गार लागायची.

माझाही हनिमून आला. डोस ८ वर आला. कुणीतरी सांगितलं म्हणून चुलत्यांनी मला एकांकडे नेलं. त्यांनी पुड्या दिल्या आणि इन्सुलिन बंद करायला सांगितलं. पहिले चार दिवस मी मजेत होते. सगळ्यांना वाटलं गुण आला. खरं तर माझ्या उरल्यासुरल्या बीटा पेशी एकट्याने सगळं ओढत होत्या. सातव्या दिवशी तहान. नवव्या दिवशी उलट्या. अकराव्या दिवशी मला शुद्ध नव्हती. आईने माझ्या तोंडाचा वास ओळखला आणि कुणालाही न विचारता जीप करून साताऱ्याला आणलं. दोन तास उशीर झाला असता तर हे लिहायला मी नसते.

हनिमूनमध्ये कुठलाही काढा, कुठलाही अंगारा, कुठलीही गोळी चालू करा, ती गुण देणारच, कारण गुण आधीच आलेला असतो. त्यामुळेच हे सगळे उपचार 'लागू पडतात'. आणि पेशी संपल्या की किटोन (इन्सुलिनअभावी शरीर चरबी जाळतं तेव्हा रक्तात साचणारी आम्लं) चढायला एक-दोन दिवस पुरतात.

इन्सुलिन नव्हतं तेव्हा काय व्हायचं तेही ऐका. टोरांटोत जानेवारी १९२२ मध्ये पहिलं इंजेक्शन ज्याला दिलं तो लेनर्ड थॉम्पसन चौदा वर्षांचा होता. वजन ६५ पौंड, म्हणजे साधारण २९ किलो. उपासमार हाच तेव्हाचा इलाज. ११ जानेवारीचं पहिलं इंजेक्शन नीट लागू पडलं नाही, औषधात गाळ फार होता. जेम्स कॉलिप यांनी ते आणखी शुद्ध केलं आणि २३ जानेवारीला पुन्हा दिलं, तेव्हा साखर उतरली. तो पुढे तेरा वर्षं जगला. इन्सुलिन शोधणाऱ्या बँटिंग आणि सोबत्यांनी त्याचं पेटंट विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकलं. माझ्या देवघरात बँटिंग यांचा फोटो आहे, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही.

कृष्णाकाठची, तुमच्यासाठी एक कामाची गोष्ट. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन ४० ताकदीचंही मिळतं आणि १०० चंही. ४० ची सिरिंज लाल टोपणाची, १०० ची नारिंगी. १०० चं इन्सुलिन चुकून लाल टोपणाच्या सिरिंजने भरलं तर अडीचपट डोस जातो. दुकानदाराने काहीही दिलं तरी बाटलीवरचा आकडा आणि टोपणाचा रंग दोन्ही बघूनच पिशवीत टाका.

---

निसर्गमित्र | बुधवार, दुपारी २:२०

ताई, मला हे खरंच माहीत नव्हतं. मुलाच्या वडिलांना आत्ता फोन केला. आज संध्याकाळी डॉक्टरांकडे नेतायत. पत्त्याचं वाक्य मी मागे घेतो.

---

टोचणीसोबती | बुधवार, दुपारी २:४५

देव तुमचं भलं करो. जाताना लघवीतले किटोन तपासायला सांगा.

---

उत्तरेकडून | बुधवार, रात्री ११:३०

मी नगरचा, सध्या फिनलंडमध्ये तांपेरेला. या आजाराचं प्रमाण जगात सर्वांत जास्त इथे आहे. पंधरा वर्षांखालच्या दर लाख मुलांमागे वर्षाला पन्नासाहून अधिक नव्या केसेस. आमच्या मुलीच्या वर्गातच दोघं आहेत. जेवणाआधी दंडावरच्या साखर मोजणाऱ्या सेन्सरला फोन लावून बघणं वर्गात कुणाला नवीन नाही.

मुलगी इथेच जन्मली. जन्मतःच नाळेतल्या रक्तावर जनुकांची चाचणी झाली. १९९४ पासून तुर्कू, औलू आणि तांपेरे इथे हा अभ्यास चालू आहे. तिच्यात धोक्याचे प्रकार निघाले, म्हणून ठरावीक महिन्यांनी बोलावतात आणि रक्तात अँटीबॉडी आल्या का बघतात. अजून नाहीत. अशा अभ्यासांतून कळलं की पहिली अँटीबॉडी बऱ्याच मुलांत पहिल्या दोन-तीन वर्षांतच उगवते. आजार दिसतो पुढे कितीतरी वर्षांनी. पेशीवेडा सरांनी ताईंना 'दोन-तीन वर्षांची असताना' म्हटलं, त्याचा आधार हाच.

आणखी एक सांगतो. इथून पूर्वेला सीमेपलीकडे रशियातला कारेलिया प्रांत. लोकांची जनुकं बरीचशी मिळतीजुळती. तरी २००५ च्या सुमारास झालेल्या अभ्यासात तिथलं टाइप १ चं प्रमाण फिनलंडच्या साधारण सहाव्या भागाइतकं निघालं. मधे फक्त एक सीमा. पलीकडे राहणीमान वेगळं, लहानपणी होणारे संसर्ग वेगळे. म्हणजे बाहेरचं काहीतरी नक्की आहे, पण ते अमुक एका आईने ताटात काय वाढलं असं नव्हे. ताई, हे तुमच्या नातेवाइकांना वाचून दाखवा.

---

अभ्यासू_अश्विनी | गुरुवार, सकाळी १०:१०

आपल्या मुलांतही हीच जनुकं असतात का?

---

पेशीवेडा | गुरुवार, दुपारी १२:३०

बरीचशी. २०२० साली पुण्याचं केईएम रुग्णालय, हैदराबादची सीसीएमबी आणि इंग्लंडचं एक्झिटर विद्यापीठ यांचं संयुक्त काम प्रसिद्ध झालं. युरोपीय लोकांवरून बनवलेला जनुकीय धोक्याचा गुणांक भारतीयांत टाइप १ आणि टाइप २ वेगळे ओळखायला उपयोगी पडतो असं त्यात दिसलं, काही फरक सोडून. आपल्याकडे तरुण वयातली, बारीक अंगाची टाइप २ ची माणसंही पुष्कळ, त्यामुळे नुसतं बघून ओळखणं कठीण. त्या वेळी अँटीबॉडी आणि सी-पेप्टाइड या चाचण्या मदत करतात. इन्सुलिन बनताना त्यातून सुटणारा तुकडा म्हणजे सी-पेप्टाइड. तो बाहेरून टोचलेल्या इन्सुलिनमध्ये नसतो, म्हणून शरीर स्वतः किती बनवतंय ते त्यावरून कळतं.

आता धाकट्याबद्दल. टाइप १ असलेल्या मुलाच्या भावंडाला तो होण्याची शक्यता साधारण शंभरात पाच. म्हणजे पंचाण्णव जणांना होत नाही, हे आधी मनात घट्ट धरा. अँटीबॉडींची चाचणी करून घ्यायची असेल तर तिचा अर्थ असा लागतो. दोन किंवा अधिक अँटीबॉडी असतील, तर साखर अगदी व्यवस्थित असली तरी तो आजाराचा पहिला टप्पा मानतात. साखर जराशी बिघडू लागली की दुसरा. लक्षणं दिसली की तिसरा, आपण ज्याला आजवर 'सुरुवात' म्हणत आलो तो. फिनलंड, जर्मनी आणि अमेरिकेतल्या मुलांचा एकत्रित हिशेब २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन किंवा अधिक अँटीबॉडी असलेल्यांपैकी सुमारे ७० टक्के मुलांना दहा वर्षांत मधुमेह झाला. एकच असेल तर सुमारे १५ टक्के.

आधी कळून फायदा काय? पहिला म्हणजे आयसीयू टळतं. आईबापांना माहीत असतं, मूल दोन रात्री पाणी प्यायला उठलं की साखर बघतात. इटलीने २०२३ मध्ये सगळ्या मुलांच्या अशा तपासणीसाठी कायदाच केला. दुसरा, दुसऱ्या टप्प्यातल्या आठ वर्षांवरच्यांसाठी टेप्लिझुमॅब हे औषध अमेरिकेत नोव्हेंबर २०२२ मध्ये मंजूर झालं. ते टी पेशींच्या सीडी३ या भागाला जाऊन बसतं. सलग चौदा दिवस शिरेतून देतात. ७६ जणांवरच्या चाचणीत आजार सरासरी दोन वर्षं पुढे गेला. बरं करत नाही, पुढे ढकलतं. पण शंभर वर्षं आपण फक्त हरवलेलं इन्सुलिन भरून देत होतो, हल्ल्यालाच हात घालणारं हे पहिलं मंजूर औषध. मला ते वाचताना रडू आलं होतं.

---

साधामाणूस | गुरुवार, रात्री ८:१५

एका क्लिनिकवाल्यांनी माझ्या मित्राच्या मुलीसाठी स्टेम सेलचे आठ लाख सांगितलेत. 'पेशी नव्याने उगवतील' म्हणतात. मित्र जमीन विकायच्या विचारात आहे.

---

पेशीवेडा | गुरुवार, रात्री ८:४०

त्याला थांबवा. आज रात्रीच.

खरं काम चालू आहे आणि ते फार आशेचं आहे. २००० साली कॅनडातल्या एडमंटनमध्ये सात रुग्णांना मृत दात्यांची बेटं यकृताच्या शिरेतून दिली आणि सातही जणांचं इन्सुलिन सुटलं. पुढे बऱ्याच जणांना ते परत लागलं. २०२५ मध्ये मूलपेशींपासून, म्हणजे स्टेम सेलपासून, प्रयोगशाळेत बनवलेल्या बेटांचा निकाल आला. पूर्ण डोस दिलेल्या १२ पैकी १० जणांना वर्षभराने इन्सुलिन लागत नव्हतं. पण नव्या बीटा पेशी घातल्या की जुन्या टी पेशी त्यांनाही ओळखतात, शिवाय परक्या म्हणूनही हल्ला होतो. म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कायम घ्यावी लागतात. सध्या हे ज्यांची साखर धोक्याच्या खाली जाते आणि त्यांना समजतही नाही अशा मोठ्या माणसांपुरतं आहे.

पैसे घेऊन मुलांना स्टेम सेल टोचणं हा उपचार नव्हे. मधुमेहासाठी मूलपेशींचा वापर भारतात फक्त मंजूर चाचणीतच करता येतो, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घेत नाहीत.

---

मोगरा_२ | गुरुवार, रात्री ९:००

किती शिकायला मिळालं. वाचनखूण साठवली. माझ्या बहिणीच्या मुलाचं वजन उतरतंय, सारखं पाणी मागतो. आता फोन करते तिला.

---

टोचणीसोबती | गुरुवार, रात्री ९:०५

फोन झाला की त्याला कुठेतरी नेऊन साखर मोजून घ्यायला लावा, उद्यावर ढकलू नका. बोट टोचून एक मिनिट लागतं.

---

मोगरा_२ | गुरुवार, रात्री १०:५०

९८ आली. जंताचं औषध दिलंय डॉक्टरांनी. हात थरथरत होते माझे.

---

कृष्णाकाठची | तीन आठवड्यांनी, रविवार दुपारी ४:००

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला. हा धागा मी घरी मोठ्याने वाचून दाखवला. सासूबाई सोप्यात गहू निवडत बसल्या होत्या. 'थायमसात इन्सुलिन दाखवण्यापुरतं बनतं' हे त्यांनी मला दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, 'म्हंजे पोरगी दोन वर्षांची असताना? तवा तर ती सायीला तोंडबी लावत नव्हती.' बराच वेळ गप्प बसल्या. संध्याकाळी चहात साखर मागितली.

टोचणीसोबती, तुमच्या मडक्याच्या युक्तीने आमच्याकडे दोन दिवस लाइट नव्हते तेव्हा इन्सुलिन वाचलं. सासूबाईंनीच वाळू चाळून भरली.

धाकट्याची चाचणी केली. चारही निगेटिव्ह. डॉक्टर म्हणाले, काही वर्षांनी पुन्हा बघू. लेकीची थायरॉइडची आणि गव्हाच्या अ‍ॅलर्जीसारख्या त्या सिलियाकची तपासणीही करून घेतली, कारण एका ठिकाणी गल्लत झालेली प्रतिकारशक्ती तिथेही जाऊ शकते म्हणे. दोन्ही ठीक आहेत. दरवर्षी करायला सांगितलंय.

डोस ९ चा ११ झालाय, परवापासून १२. हनिमून ओसरायला लागलाय असं डॉक्टर म्हणतात. पहिल्यांदा कळलं असतं तर मी कोसळले असते. आता आत काय चाललंय ते माहीत आहे, म्हणून नुसता आकडा बदलला.

सासूबाई डेअरीच्या दुधाची वही ठेवतात. सकाळचं किती लिटर, संध्याकाळचं किती, फॅट किती. त्याच वहीत आता उजव्या बाजूला नातीची साखर लिहितात. आज सकाळची ओळ अशी आहे: गाय ६.५, फॅट ३.८, पोरगी १३२.

शाळेतल्या बाईंना हायपो (साखर एकदम खाली जाणं) म्हणजे काय ते कसं सांगायचं, दप्तरात काय काय ठेवायचं, यासाठी उद्या वेगळा धागा काढते. टोचणीसोबती, तुम्ही तिथे याच.